वेल्डिंगसाठी घरगुती जिग: काय हलवायचं आणि काय कधीच हलवायचं नाही

चौकटी, टेबलांचे सांगाडे, छोटी फाटकं जोडणाऱ्याला हवी ती जिग, म्हणजे वेल्ड करताना तुकडे जागेवर धरणारा साचा, अशी: मापं बदलता यावीत, पण काटकोन प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागू नये. घरी केलेल्या बहुतेक जिग इथेच फसतात. सगळंच सरकतं ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक कामाआधी गुण्या घेऊन अर्धा तास जातो. माझं ठाम मत आहे, की एक बाजू कायमची पक्की हवी आणि बाकीचं सगळं तिच्या हिशेबाने हलायला हवं.

सामान फार लागत नाही. ५०×५०×६ मिमीचा अँगल (एल आकाराची पोलादी पट्टी, तिची प्रत्येक बाजू म्हणजे एक पान) साधारण ४ मीटर, १० मिमी प्लेटचे १५०×१४० चे दोन तुकडे आणि १३०×४० चे दोन, ४०×६ ची पट्टी, २५×१० ची थोडी पट्टी, १२ मिमीचा चौकोनी बार, एम १२ चे ५० मिमी लांबीचे चार बोल्ट. गॅल्व्हनाइज्ड माल नकोच. जस्ताचा धूर छातीत गेला की त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो. नट-बोल्टवर जस्ताचा मुलामा असेल, तर वेल्ड करायच्या जागी तो घासून काढा.

आधी रूळ, ज्यावर जिगचा सरकता भाग चालतो. १२०० मिमीचे दोन अँगल समोरासमोर असे ठेवा, की आडवी पानं वर सपाट येतील, उभी पानं बाहेरच्या अंगाला खाली राहतील आणि मध्ये १३ मिमीची खाच सुटेल. खाच सारखी राहावी म्हणून १२ मिमी बार आणि १ मिमी पत्रा यांची जोडी तीन ठिकाणी अडकवा आणि क्लॅम्पने आवळा. मग सगळं उलटं करून सपाट पृष्ठभागावर क्लॅम्प करा आणि उभ्या पानांच्या कडांवर ४०×६ पट्टीचे ११० मिमीचे चार तुकडे आडवे जोडा, दोन टोकांना आणि दोन मध्ये. इथे घाई केली तर रूळ वाया जातो. वेल्ड थंड होताना कडा आत ओढतो, त्यामुळे दोन्ही अँगल किंचित फिरतात आणि वरच्या बाजूला खाचेच्या कडा उचलल्या जातात. तिथे सरकती प्लेट डुगडुगते. म्हणून आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मग प्रत्येक जागी २० मिमीपेक्षा मोठा वेल्ड भरू नका. ६०१३ जातीचा २.५ मिमी वेल्डिंग रॉड ७० ते ८० अँपिअरला पुरतो. पूर्ण थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडायचे नाहीत.

सरकतं बैठं म्हणजे १५०×१४० ची प्लेट. तिच्यात १०० मिमी अंतरावर १३ मिमीची दोन भोकं. रुळाखाली १३०×४० ची प्लेट, तिच्यात तेवढ्याच अंतरावर दोन बोल्ट खालून घालून डोकी वेल्ड केलेली. दोन्ही बोल्ट एकाच खाचेत असल्यामुळे खालची प्लेट फिरत नाही आणि वरून नुसते नट आवळले की काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १३ च्या खाचेत १२ चा बोल्ट म्हणजे १ मिमी ढिलाई. दोन बोल्टांतलं अंतर १०० मिमी, बैठ्यावर बसून चौकटीची बाजू धरणारा बाहू ६०० मिमीचा, म्हणजे बाहूच्या टोकाला तीच ढिलाई ६ मिमी होते. म्हणून काटकोन खाचेच्या भरवशावर सोडायचा नाही. बैठ्याच्या मागच्या काठाखाली २५×१० पट्टीचा १५० मिमीचा तुकडा दोन एम ८ बोल्टांनी बसवा, असा की तो मागच्या अँगलच्या उभ्या बाहेरच्या पानाला घासत राहील. नट आवळण्याआधी बैठं आपल्याकडे ओढायचं, पट्टी पानाला पूर्ण टेकू द्यायची, मग आवळायचं. ही सवय हाताला लागली की गुण्या लागतोच कशाला. पट्टीची भोकं ९ मिमीची ठेवा, म्हणजे पहिल्यांदा काटकोन जुळवायला जागा मिळते. जुळला की दोन ६ मिमीच्या पिना ठोकून तिला कायमची बांधून टाका.

बाहूही त्याच अँगलचे, ६०० मिमीचे. एक पान बैठ्यावर आडवं, दुसरं बाहेरच्या अंगाला उभं. डावा बाहू रुळाच्या टोकाला पिना मारून कायमचा, उजवा सरकता. बाहूच्या आडव्या पानावर १२ मिमी बारचे तुकडे ठेवा, काम, म्हणजे जोडायचा पाइप, त्यांवर बसतं. त्यामुळे अँगलच्या आतल्या गोलाईत पाइपची कड अडकत नाही आणि खालच्या बाजूचा वेल्ड जिगला चिकटत नाही. मागच्या कोपऱ्यात टेकू, म्हणजे पाइप जिथे टेकून थांबतो तो अडसर, लावायचा, पण बाहूपासून २५ मिमी सोडून. कोपरा पूर्ण मोकळा हवा, नाहीतर वेल्डचा उंचवटा टेकूवर बसतो आणि चौकट तिरकी होते.

पुढच्या टेकूला अँगलचा ९० मिमीचा तुकडा पुरतो. बाहूत दर ५० मिमीला ११ मिमीचं भोक, तुकड्यात ६५ मिमी लांब खाच, एम १० चा बोल्ट. बोल्टची जाडी वजा केली तरी खाच दोन भोकांतल्या अंतरापेक्षा मोठी आहे, त्यामुळे मधलं एकही माप सुटत नाही.

सगळे टेकू चौकटीच्या बाहेरून ठेवा. वेल्ड झाल्यावर चौकट आकसते. टेकू बाहेर असले तर ती त्यांच्यापासून सुटून मोकळी होते. टेकू आत ठेवले तर चौकट त्यांना करकचून पकडते आणि हातोड्याशिवाय निघत नाही. पोलाद १०० अंशांनी तापलं की मीटरला १.२ मिमी वाढतं, म्हणून लांबीच्या दिशेने दोन्ही टोकं घट्ट आवळू नका. एक टोक आवळा, दुसऱ्याला वाढायला वाव ठेवा.

बाहूंच्या पुढच्या टोकाखाली नट वेल्ड करून एम १२ चा लांब बोल्ट पाय म्हणून लावा. उंची जुळवायला लेव्हलपेक्षा दोरा खरा. चार कोपऱ्यांच्या बारांवरून दोन्ही कर्णांवर दोरे ताणा. एक वर, एक खाली असताना मध्ये ते जेमतेम शिवले पाहिजेत, मग दोरे वरखाली बदलून पुन्हा पाहा. एका वेळी शिवतात आणि दुसऱ्या वेळी फट दिसते, तर जिगमध्ये पीळ आहे. तो प्रत्येक चौकटीत उतरणार.

काटकोनासाठी ६००-८००-१००० चं माप घ्या. कर्ण १ मिमी चुकला, तर ६०० च्या बाहूचं टोक सव्वा मिमी सरकतं, म्हणजे फीत धरायला हात स्थिर हवा. फितीच्या हुकात ढिलाई असते, तेव्हा शून्याऐवजी १०० च्या खुणेपासून मोजा.

जोडताना आधी चारही कोपरे टॅक, मग कर्ण मोजा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना वेल्ड. आतल्या कोपऱ्याचा वेल्ड चौकटीच्या पाइपांना आत ओढतो, म्हणून बाहेरचा कोपरा आधी भरायचा. जिगमधून सोडल्यावरही थोडी ओढ दिसतेच. जिग धातूला जागेवर धरते, आतला ताण काही घालवत नाही. त्याच पाइपच्या भंगार तुकड्यांचा एक कोपरा करून बघा, किती आत येतो ते मोजा आणि तेवढी पत्र्याची चिप कोपऱ्याजवळ बाहूचं उभं पान आणि पाइप यांच्यामध्ये सारून उलटा कल द्या. प्रत्येक पाइपला, प्रत्येक रॉडला ही चिप वेगळी लागते. एकदा सापडली की तिच्यावर माप कोरून ठेवा.

मशिनच्या अर्थिंगच्या वायरचा क्लॅम्प कामालाच लावायचा, जिगला नाही. जिगला लावला तर करंट खाचेतून आणि बोल्टांच्या आट्यांतून वाट काढतो, तिथे ठिणगी पडते आणि एक दिवस नट जागच्या जागी जाम होतो. वेल्डजवळच्या बोल्टांवर पाइपचा तुकडा टोपीसारखा घाला, खाचेत अडकलेले स्पॅटर (वेल्डचे उडालेले थेंब) छिन्नीने काढा आणि आट्यांना काम झाल्यावर तेल लावा. आधी नको, तेल जोडापर्यंत पोचलं की वेल्डला भोकं पडतात.