पाचवी मात्रा खाली

गेली सात वर्षं ऑकलंडहून लिहिते आहे. हे मात्र गोव्यातल्या माशेलच्या घरून. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून जूनच्या अखेरीस अडीच महिन्यांची रजा काढून आले, आणि येताना विमानात डोक्यावरच्या कप्प्यात माझं युकुलेले होतं. मागे एकदा मी त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, पंचेचाळिशीत वाद्य शिकता येतं का, आणि हे वाद्य आहे तरी काय? तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. आता आहे.

न्यूझीलंडच्या शाळांमध्ये लहान मुलांच्या हाती सर्रास युकुलेले देतात. आमच्या घरात ते लेकीबरोबरच आलं. तिचा उत्साह वर्षभरात ओसरला आणि वाद्य कपाटावर गेलं. एका पावसाळी रविवारी मी ते खाली काढलं. चार नायलॉनच्या तारा, अंगाने इतकं लहान की कडेवरच्या मुलासारखं छातीशी धरावं लागतं. सगळ्यात धाकट्या आकाराला सोप्रानो म्हणतात, ते जेमतेम 53 सेंटिमीटर. मी पुढे स्वतःसाठी घेतलं ते त्याच्या वरचं, कॉन्सर्ट, साधारण 60. माझी बोटं आईसारखी जाड आहेत, सोप्रानोच्या पट्ट्यांत, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या रेघांमधल्या जागांत, ती एकमेकांवर चढायची.

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं जमतात. मधोमध एक निवृत्त शिक्षिका बसते, तीस वर्षं वाजवणारी. ती कुणाला फारसं शिकवत नाही, ऐकते. मग गाणं संपल्यावर शेजारी येऊन एकच गोष्ट सांगते. मला पहिल्या महिन्यात सांगितलं, नखं काप. दुसऱ्या महिन्यात, अंगठा मानेच्या मागे सरळ ठेव, मूठ आवळू नको. आणि तिसऱ्या महिन्यापासून पुढचं वर्षभर एकच वाक्य: तुझा उजवा हात थांबतो.

हे थांबणं काय, ते समजावून सांगायलाच हवं. युकुलेलेवर सगळ्यात जास्त वाजवला जातो तो ठोका असा: खाली, खाली वर, वर खाली वर. ऐकायला सोपा. पण दोन 'वर' पाठोपाठ येतात, आणि हात वर गेल्यावर पुन्हा वर जायचं तर मध्ये खाली यावंच लागतं. तारेला न लागता, हवेतून. ती म्हणायची, हवा वाजव. मला ते शब्द कळत होते, हाताला कळत नव्हते. माझा हात तिथे गोंधळून क्षणभर लटकायचा आणि पुढचं सगळं अर्ध्या मात्रेने घसरायचं. फोनवर स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं की ती जागा दातात खडा यावा तशी लागायची.

तर असा हात घेऊन मी माशेलला आले.

आमचे धाकटे काका चाळीस वर्षं भजनाला तबला धरतात. गोव्याचे नामवंत तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल एकदम कसे धरत, त्याच्या गोष्टी सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. पहिल्या दिवशी त्यांनी वाद्य हातात घेतलं, उलटंपालटं पाहिलं आणि विचारलं, "स्वर कुठे लावतेस?" मी जी, सी, ई, ए म्हटल्यावर ते उठून पेटी घेऊन आले. पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. चारही स्वर पेटीवर वाजवले आणि म्हणाले, "अगं, हा तर रिषभ सोडून भूप आहे."

मी दीड वर्ष त्या तारा छेडत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. पांढरी एक सा धरला तर मोकळ्या तारा प, सा, ग, ध आहेत. गिटारवर सगळ्यात वरची तार सगळ्यात खर्जाची असते. युकुलेलेची वरची तार तशी नाही, ती मधल्या दोघींपेक्षा उंच स्वराची. त्यामुळे चारही स्वर एकाच सप्तकात बसतात, आणि हातात धरल्याधरल्या हे वाद्य असं हसरं वाजतं त्याचं निम्मं कारण हेच. सा-च्या तारेवर दुसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की रिषभ, ध-च्या तारेवर तिसऱ्या पट्टीत ठेवलं की तार षड्ज. एका बोटाने अख्खा भूप. कुणाला घरी सुरुवात करायची असेल तर कॉर्डच्या (एकदम वाजवायच्या स्वरांच्या जुळणीच्या) चित्रांआधी आठवडाभर हाच आरोह-अवरोह वाजवा, असं मी मनापासून सांगेन. कानाला ओळखीचं काही सापडलं की बोटं घाबरत नाहीत.

एक अडचण मात्र आहे. पांढरी एकच्या खाली तारच नाही. सा-च्या खाली उतरणारी चाल आली की वाट बंद. त्यावर काकांचाच तोडगा: पांढरी चार सा धर. मग मोकळी पांढरी एक मंद्र पंचम होते आणि बहुतेक अभंग त्यात मावतात.

आता तो हात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पडवीत तो ठोका घासत बसले होते. काका आत ताक पीत होते. तिथूनच ओरडले, "पाचवीला अडखळतेस!" बाहेर येऊन त्यांनी वाद्य माझ्या मांडीवरून काढून बाजूला ठेवलं आणि केरवा ताल म्हणायला लावला. धा गे ना ती, ना के धी ना. आठ मात्रा, टाळी पहिलीला, खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, पाचवीला. मग मला म्हणाले, "तुझा ठोका या आठांवर मांड." मांडला. पहिल्या मात्रेला हात खाली, दुसरी मोकळी, तिसरीला हात खाली, चौथीला वर. पाचवी मोकळी. सहावीला वर, सातवीला हात खाली, आठवीला वर. ज्या जागी ऑकलंडची बाई मला हवा वाजवायला सांगत होती, ती बरोब्बर केरव्याची खाली होती.

"खालीला आपण टाळी देत नाही," काका म्हणाले, "पण हात बाजूला टाकतो की नाही? तो टाकला नाही तर सम कुठून सापडणार?"

लहानपणापासून देवळात टाळ हातात घेऊन बसले आहे मी. खाली कुणी शिकवावी लागली नव्हती. इंग्रजीत जी गोष्ट वर्षभर डोक्यात राहिली, ती दहा मिनिटांत मनगटात उतरली. त्या बाईचं शिकवणं उणं होतं असं मला अजिबात वाटत नाही. तिने जागा अचूक दाखवली होती. त्या जागेचं माझ्या ओळखीचं नाव तेवढं तिच्याजवळ नव्हतं. तिला मी त्याच रात्री निरोप पाठवला, तिकडे सकाळ झाली होती. तिने उलट विचारलं, बाकीच्या तालांचे बोल पाठवशील का?

काकांना कॉर्ड समजत नाहीत, आणि ते तसं मोकळेपणाने म्हणतात. त्यासाठी त्यांनी मला जुव्याला पाठवलं. जुवें म्हणजे सांत इस्तेव, भेंड्यांसाठी नावाजलेलं बेट. तिथे त्यांचे एक जुने स्नेही राहतात. बालपणी चर्चच्या शाळेत सोलफेज (दो रे मी म्हणत स्वर गाणं) आणि व्हायोलिन शिकलेले, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांमधून वाजवलेले. वय ऐंशीच्या पुढे. गावात सगळे त्यांना मेस्त, म्हणजे मास्तर, म्हणतात, मीही मेस्तच म्हणते. युकुलेले त्यांनी आयुष्यात वाजवलेलं नाही. पण मँडोलिन आणि गिटार वाजवलेल्या माणसाला त्यात परकं काही नसतं.

त्यांनीच मला या वाद्याच्या मूळ गावाची आठवण करून दिली. युकुलेले हवाईचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची आई मात्र पोर्तुगीज. अटलांटिकमधल्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी निघालेली माणसं 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून 23 ऑगस्ट 1879 रोजी होनोलुलूला उतरली. त्यांच्याकडे माशेत नावाचं छोटं चारतारी वाद्य होतं. त्यांच्यातल्या मानुएल नुनेस, आवगुस्तो दियास आणि जुझे दु इस्पिरितु सांतु या तीन सुतारांनी पुढे तिथेच वाद्यं घडवायला घेतली. हवाईच्या भाषेत उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं. तारांवर उड्या मारणारी बोटं बघून हे नाव पडलं, असं सांगतात. राजा कलाकौआने ते दरबारात नेलं आणि ते तिथलंच झालं. मेस्त म्हणाले, आमच्याकडे पोर्तुगिजांचं व्हायोलिन राहिलं, तिकडे माशेत राहिलं. त्या वाक्यावर मी परतीच्या वाटेवर पुलापर्यंत विचार करत होते.

मेस्तांनी पहिले दोन धडे मला वाद्याला हात लावू दिला नाही. "गा आधी." त्यांच्या शाळेत मुलांना महिनोन्‌महिने नुसतं दो रे मी म्हणायला लावत, मग कुठे व्हायोलिन हातात. मी सारेगममध्ये म्हटलं तरी त्यांना चाललं. अट एवढीच, की जी ओळ वाजवायची ती आधी गळ्यातून आली पाहिजे. ट्यूनिंगचं ॲपही बंद करायला लावलं. ट्यूनिंग फोर्कवरून पांढरी सहा घ्यायची आणि बाकीच्या तीन तारा कानाने लावायच्या. आधी वीस मिनिटं लागायची, आता चार-पाच.

तिसऱ्या धड्याला डावा हात. मी एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना सगळी बोटं उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायची. त्यांनी एफ कॉर्ड धरायला लावली: वरच्या तारेवर दुसऱ्या पट्टीत मधलं बोट, ई-च्या तारेवर पहिल्या पट्टीत तर्जनी. "आता फक्त तर्जनी उचल." उचलली. ए मायनर कॉर्ड झाली. मधलं बोट जागचं हललंही नव्हतं. "जे बोट राहू शकतं, ते उचलायचं कशाला, बाय?" त्या दिवसापासून प्रत्येक जोडी बघताना मी आधी राहणारं बोट शोधते. सी आणि जी यांच्यात असं बोट नाही, म्हणून त्या बदलाला वेगळे कष्ट आहेत. एका मिनिटात किती बदल स्वच्छ होतात ते मी मोजून वहीत लिहिते. जुलैत अकरा होत होते, आता अठ्ठावीस होतात. काही चुकलं की मेस्त डोळे मिटून दोनच शब्द म्हणतात, "सवकास, बाय." आणि मग, "आनीक एक फावट," म्हणजे आणखी एकदा.

सराव सकाळी पंधरा मिनिटं, आई व्यायाम करते तेव्हा, आणि रात्री जेवणानंतर पंधरा. एकदम तासभर बसून बघितलं, त्याने बोटांची टोकं तेवढी हुळहुळली.

पावसाने थोडा त्रास दिला. इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, पोट किंचित वर येतं आणि तारा पट्टीपासून लांब गेल्यासारख्या वाटतात. माझं वाद्य प्लायचं आहे म्हणून फार बिघडलं नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह केसमध्ये बंद करते. अख्ख्या लाकडाचं महागडं वाद्य असतं तर मी ते पावसाळ्यात आणलंच नसतं. त्याला विमानातली कोरडी हवाही सोसत नाही, चीर जाते.

मग चवथ आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोव्यात गणपतीपुढे घुमटआरती असते. घुमट म्हणजे मडक्याच्या आकाराचं मातीचं वाद्य, एका तोंडाला कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे, आता कायद्याने बंदी आहे म्हणून बकऱ्याचं. सोबत शामेळ हे चामड्याचं तालवाद्य आणि कांसाळें म्हणजे झांजा. आरत्या मराठीत, आवाज छप्पर उडवणारा. चुलतभावांचा आग्रह, की मी युकुलेले घेऊन बसावं. मला ते पटत नव्हतं. आरतीच्या चालीखाली कॉर्ड घालणं मला आवडत नाही. चाल जिकडे जायला बघते तिकडे कॉर्ड तिला जाऊ देत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी तिथेही सांगितलं. काकांनी वाट काढली. "डावा हात तारांवर नुसता ठेव. दाबू नको. उजव्याने ठेका धर." तसं केलं की स्वर उमटत नाही, कोरडी छक छक येते. घुमटांच्या गजरात ती कुणाला ऐकूही येत नव्हती. मी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली, मागच्या रांगेत बसले होते. नारळ, चिकणा सुपारीचे घोस, कांगलां डोक्यावर लोंबत होती. पाऊण तास हात चालू होता. तिसऱ्या आरतीला लय वाढली, मी बरोबर गेले. पाचव्या आरतीला काकांनी घुमटावरून मान वर करून माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हात थांबला नव्हता.

येत्या गुरुवारी परत निघते. आई काठीशिवाय परसात जाऊन येते, तेवढं झालं. मेस्तांनी एका जुन्या वहीतून मांडोची (गोव्यातल्या कोंकणी गीतप्रकाराची) एक चाल माझ्यासाठी स्वतःच्या हाताने उतरवून दिली आहे. संथ, सहाच्या चालीची. ती मला अजून येत नाही, चौथ्या ठोक्याला माझा हात केरव्याकडे ओढला जातो. दर रविवारी ध्वनिमुद्रण पाठवायचं ठरलं आहे. नातू त्यांना ऐकवेल. काकांनी काल रात्री माझ्या फोनवर वीस मिनिटं अगदी ठाय लयीत ठेका धरून दिला. मध्ये कौलांवर सर वाजते, आई दोनदा जेवायला हाक मारते, आणि काका तिसऱ्या हाकेला न थांबता ओ देतात.