पातळ केलं आणि आकडा वाढला

२०११ चा मार्च महिना. आदल्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं होतं, कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले होते, आणि त्याची धग नाशिक-सांगलीच्या बागांत अजून विझली नव्हती. शेतकऱ्यांच्या तोंडी या औषधाचं नाव सीसीसी. वेलीची वाढ आटोक्यात राहावी, पेरं आखूड पडावीत, काडीत घड चांगले भरावेत म्हणून खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यात वेलीवर फळ नसताना करतात त्या छाटणीनंतर, ते मारायची पद्धत होती. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. त्या हंगामात निर्यातीच्या सॅम्पलमध्ये सगळ्यांची नजर आधी सीसीसीच्या ओळीवर जायची.

मी तेव्हा नाशिकजवळच्या एका रेसिड्यू लॅबमध्ये, म्हणजे फळांत उरलेले औषधांचे अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळेत, एलसी-एमएसवर होते. हे मशीन अर्कातली रसायनं आधी वेगळी करतं आणि मग त्यांचे आयन वस्तुमानावरून ओळखून मोजतं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडे लग्नघर. सकाळी सॅम्पल यायचे, रात्री मशीनवर चढायचे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिपोर्ट. इकडे रिपोर्ट येईपर्यंत तिकडे पॅकहाऊसमध्ये माल थांबलेला असतो.

त्या संध्याकाळी एका सॅम्पलमध्ये सीसीसी ०.०४१ आलं. मर्यादेच्या आत, पण काठावर. काठावरचा आकडा मी एकदा पुन्हा तपासल्याशिवाय सोडत नसे. व्हायलमध्ये एक्सट्रॅक्ट, म्हणजे फळाचा अर्क, थोडंच उरलं होतं, म्हणून मी त्यातला १०० मायक्रोलिटर घेतला, पाच पट पातळ केला आणि चढवला. आलेल्या आकड्याला पाचाने गुणलं. ०.०६२.

आधी वाटलं, पिपेट चुकलं. पुन्हा केलं, या वेळी दहा पट पातळ. ०.०६८.

पातळ केल्यावर आकडा तेवढाच राहायला हवा. वाढतो, म्हणजे मूळ एक्सट्रॅक्टमध्ये काहीतरी सीसीसीचा आवाज दाबत होतं. आमच्या भाषेत सप्रेशन. हा शब्द मी ट्रेनिंगमध्ये वीस वेळा ऐकला होता, लिहिलाही होता. पण एका शेतकऱ्याचा माल ‘पास’ होऊन जहाजावर चढता चढता तो माझ्यासमोर आला तेव्हा हात गार पडले.

सर घरी निघाले होते. मी तिन्ही क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनने काढलेले आलेख, दाखवले. ते परत बसले, म्हणाले, ‘‘रिपोर्ट थांबव. इन्फ्युजन लाव, बघू काय होतंय ते.’’

इन्फ्युजनची ती जोडणी साधी असते. कॉलम, म्हणजे रसायनं वेगळी करणारी नळी, आणि सोर्स, म्हणजे द्रवाचा स्प्रे करून आयन बनवणारा भाग, यांच्या मध्ये टी-जोड बसवायचा, त्यातून सिरिंज पंपाने मिनिटाला १० मायक्रोलिटर या वेगाने सीसीसीचं स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण माहीत असलेलं द्रावण, सतत सोडत राहायचं. स्क्रीनवर एक सपाट रेघ येते. मग कॉलमवर द्राक्षाचं कोरं एक्सट्रॅक्ट टोचायचं, म्हणजे ज्यात सीसीसी नाही असं. ती रेघ जिथे खाली जाईल तिथे द्राक्षातलं दुसरं काहीतरी बाहेर पडतंय आणि स्प्रे बिघडवतंय.

आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो. पाऊण मिनिट रेघ सरळ होती. मग विहिरीत पोहरा सोडावा तशी ती खाली गेली आणि सव्वा मिनिटाला वर आली. आमचं सीसीसी ०.९ मिनिटाला निघायचं. खड्ड्याच्या अगदी तळाशी.

कारण कळायला वेळ लागला नाही. सीसीसी हा चतुष्क अमोनियमचा क्षार. त्याच्यावर मुळातच धन भार असतो, त्यामुळे तेलकट रेणू धरणारा आमचा सी-१८ कॉलम त्याला धरून ठेवत नाही, आणि द्राक्षातली साखर, पोटॅशियम, आम्लं यांच्याबरोबर ते सगळ्यांत पुढे वाहून येतं. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये सुईच्या टोकाशी तीन-साडेतीन हजार व्होल्ट असतात. द्रव तिथे शंकूसारखा ताणला जातो, त्याच्या टोकातून बारीक भारित थेंब सुटतात, वाळत वाळत लहान होतात, फुटतात, आणि शेवटी आयन हवेत मोकळा होतो. जॉन फेन यांना २००२ साली नोबेल मिळालं ते प्रथिनांसारखे मोठे रेणू या वाटेने न मोडता हवेत आणले म्हणून. पण त्या थेंबात साखर आणि क्षार कोंबलेले असले तर तो नीट वाळत नाही. ज्यांना थेंबाच्या पृष्ठभागावर जागा मिळते ते आधी सुटतात. सीसीसीसारखा पाण्यात रमणारा लहान आयन थेंबाच्या पोटातच अडकून राहतो.

मग प्रश्न आला की आमच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सिग्नलवरून आकडा काढायच्या मोजपट्टीत, हे आधीच का दिसलं नाही? ते आम्ही कोऱ्या द्राक्षाच्या एक्सट्रॅक्टमध्येच बनवत होतो, सप्रेशन दोन्हीकडे सारखं असावं म्हणूनच. मी फ्रीझरमधून त्या कोऱ्या द्राक्षाचा गर काढला, एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला. १६ ब्रिक्स, म्हणजे साधारण १६ टक्के साखर. हंगामाच्या सुरुवातीला आणलेली, पुरती न पिकलेली द्राक्षं होती ती. मग या सॅम्पलचा गर. साडेएकवीस. तेव्हा आत जे तुटलं ते अजून आठवतं. दोन्ही द्राक्षंच, दोन्हींच्या कागदावर जात ‘थॉमसन’च लिहिलेली, आणि स्प्रेसाठी ती दोन वेगळी फळं होती.

रात्री साडेनऊला सरांनी सोर्स उघडायला सांगितला. टॉर्च मारला तर कोनच्या, म्हणजे आयन मशीनमध्ये शिरतात त्या तोंडाच्या, भोकाभोवती फिक्या तपकिरी रंगाचा थर बसला होता, काकवीच्या भांड्याच्या काठावर राहतो तसा. पुसला, कोन मिथेनॉल-पाण्यात सोनिकेटरला लावला. पुन्हा बसवल्यावर सिग्नल थोडा वर आला, फार नाही.

खरी चूक त्यानंतर सापडली, आणि ती माझी होती. सीसीसीचं ट्यूनिंग, म्हणजे सिग्नल जास्तीत जास्त यावा अशी मशीनची जुळणी, मी हंगामाआधी केलं होतं तेव्हा सिरिंजने सरळ, १० मायक्रोलिटरच्या प्रवाहात, अर्धं मिथेनॉल अर्धं पाणी अशा मिश्रणात केलं होतं. प्रत्यक्षात आमचा पीक, म्हणजे आलेखावरचं सीसीसीचं टोक, येतो तेव्हा सोर्समध्ये मिनिटाला ०.३ मिलिलिटर द्रव येत असतो आणि त्यात ९५ टक्के पाणी असतं. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, मिथेनॉलचा साडेबावीसच्या आसपास. पाण्याचा शंकू ओढायलाच कठीण, थेंब मोठे, वाळायला उष्णता जास्त हवी. ज्या हवामानात माझा आयन कधी राहिलाच नव्हता त्या हवामानाची सेटिंग मी त्याला दिली होती.

त्या रात्री टी-जोड तसाच ठेवून, पंपाचा खरा प्रवाह आणि खरं मिश्रण चालू ठेवून मी पुन्हा सगळं लावलं. वाळवणाऱ्या गॅसचं तापमान ३५० वरून ४५० अंशांवर नेलं, गॅसचा वेग वाढवला, प्रोब, म्हणजे स्प्रेची सुई, कोनपासून थोडा दूर आणि बाजूला सरकवला. प्रोबची ती मिलिमीटरभर हालचाल बघत बसण्यासारखी असते. स्क्रू पाव फेरा फिरवला की सिग्नल चढतो, अजून पाव फेरा की पडतो. कोन व्होल्टेज मी उलट कमी केलं, ३० वरून २४. जास्त असेल तर सीसीसीचा १२२ वस्तुमानाचा आयन सोर्समध्येच मोडतो आणि ५८ चा तुकडा नको तिथे तयार होतो. सुईवरच्या कॅपिलरी व्होल्टेजने फारसा फरक पडला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, पुढे जायचं. पहाटे दोनला सिग्नल आधीच्या अडीच पट झाला होता.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण नवीन मुलं इथेच फसतात. सिग्नल अडीच पट झाला म्हणजे सप्रेशन गेलं असं नाही. स्टँडर्ड वाढलं, सॅम्पलही वाढलं, तफावत तिथेच. मिळालं ते वेगळं. आता मी दहा पट पातळ केलेलं एक्सट्रॅक्ट, तेही १० ऐवजी २ मायक्रोलिटर टोचून, विश्वासाने वाचू शकत होते. साखर-क्षार पन्नासाव्या हिश्श्यावर आले. इन्फ्युजनची रेघ पुन्हा काढली, खड्डा जवळजवळ भरला होता.

शेवटची खात्री म्हणून त्याच सॅम्पलच्या गराचे चार भाग केले. एक तसाच, बाकी तिघांत वाढत्या प्रमाणात स्टँडर्ड घातलं आणि आलेखाची रेघ शून्य सिग्नलपर्यंत मागे ओढली, म्हणजे मुळात किती होतं ते कळतं. ०.०७१. पातळ करून आलेला आकडा ०.०६९. १२४ चा आयन १२२ च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता, क्लोरीनच्या दोन समस्थानिकांमुळे असायला हवा तसाच. शंकेला जागा नव्हती. सॅम्पल फेल.

सकाळी आठला सरांनी निर्यातदाराला फोन केला. मग त्या आठवड्यातले सीसीसी सापडलेले अकरा एक्सट्रॅक्ट मी फ्रिजमधून काढून पुन्हा चढवले. आकडे सगळ्यांचेच थोडे वर सरकले, मर्यादा कुणी ओलांडली नाही. तो शेवटचा आकडा येईपर्यंत मी चहासुद्धा घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी निर्यातदाराच्या माणसाबरोबर तो शेतकरी लॅबवर आला. पन्नाशीचे गृहस्थ, हातात फवारणीची वही. आवाज चढलेला नव्हता.

‘‘ताई, ऑक्टोबर छाटणीपासून एकदाही सीसीसी मारलं नाही. ही बघा वही.’’

वही खरंच नेटकी होती. तारीख, औषध, प्रमाण, सगळं. मी मागची पानं उलटली. मे महिन्यात, खरड छाटणीनंतर, दोनदा सीसीसी.

‘‘हे तर काडीवर मारलंय,’’ ते म्हणाले. ‘‘घड कुठे होते तेव्हा?’’

युरोपात नाशपतीच्या बागांत हे आधी दिसलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. औषध लाकडात साठून राहतं आणि पुढच्या वर्षीच्या फळातही उतरतं, त्या वर्षी फवारलं नसलं तरी. तुमच्याकडेही तसंच झालं असेल हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण वहीत दुसरी नोंद नाही, हेही मी सांगितलं.

ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग विचारलं, ‘‘दुसऱ्या प्लॉटला मेमध्ये एकदाच मारलंय. त्याचा माल अजून वेलीवर आहे. त्याचं सॅम्पल आज काढता येईल का?’’

आमचा सॅम्पल काढणारा मुलगा जेवायला बसला होता. डबा तसाच झाकून तो त्यांच्या गाडीत बसला.