मेसेज गेला, ऑइल मात्र जुनंच: गाडीच्या सर्व्हिसिंगचा माझा अनुभव

आमच्याकडे २०१७ची डिझेल फोर्ड इकोस्पोर्ट आहे. आईला दर महिन्याला सांगलीहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं, कराड, सातारा, खंबाटकी, कात्रज, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. त्यामुळे गाडीच्या कामात मी चालढकल करत नाही. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग, हा गाडीच्या पुस्तकातला नियम मी पहिल्यापासून पाळत आलोय.

वॉरंटी केव्हाच संपली होती. फोर्डने २०२१च्या सप्टेंबरात भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यानंतर माझ्यासारखे बरेच जण बाहेरच्या गॅरेजकडे वळले. कुपवाड रस्त्यावरच्या एका मेस्त्रींकडे मी आधीची सर्व्हिस करून घेतली होती, काम चोख झालं होतं. यंदा मीटर ७१,९००च्या पुढे गेलं, ‘ऑइल चेंज सून’ असा मेसेज दिसायला लागला, आणि नेमके मेस्त्री लेकीच्या लग्नासाठी गावी गेलेले. आईची तारीख चार दिवसांवर. म्हणून दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली. चकचकीत फरशी, बसायला एसी खोली, कॉम्प्युटरवर जॉबकार्ड. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून मिळाली, मेसेज गेलेला होता, बिलावर ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, लेबर सगळं ओळीने लिहिलेलं. मी पैसे दिले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. सर्व्हिसनंतर हे मी नेहमी करतो. गाडी सपाट जागी उभी, इंजिन रात्रभर थंड. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मापायची पट्टी, काढली, पुसली, पूर्ण आत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! रंग काळा होता, पण त्यावरून मी काही ठरवलं नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल घातलं तरी थोडं चालल्यावर काजळीने काळं पडतंच, नुसत्या रंगावरून मेस्त्रीला चोर ठरवू नये. मला वाटलं, माप चुकलं असेल. गॅरेजला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “जास्त असलं तर चांगलंच की साहेब.”

चांगलं नसतं. ऑइल मापाच्या फार वर गेलं की इंजिनातला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ते घुसळतो आणि त्याला फेस येतो. फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याला, नीट वंगण देत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला ऑइलची धार अखंड लागते. शिवाय जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ निघून जाते त्या, नळीतून इंजिन ओढतं त्या हवेत जाऊ शकतं. आईला घेऊन असल्या गाडीतून घाट चढायची माझी तयारी नव्हती. मेस्त्री आदल्या रात्रीच परतल्याचं कळलं, तसा सरळ त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, जादाचं ऑइल तेवढं काढून द्या.

त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. “साहेब, जरा खाली या.”

टॉर्चच्या उजेडात त्यांनी ऑइल चेंबरचा नट दाखवला, जो काढून जुनं ऑइल खाली सोडतात तो. मेस्त्री नट आवळून झाला की पिवळ्या पेंटची एक रेघ मारतात, अर्धी नटावर, अर्धी चेंबरवर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. माझ्या गाडीची रेघ अख्खी होती. तिच्यावर वाळलेला चिखल, आणि नटाच्या कडांवर पान्याचा एक ओरखडा नाही. मी म्हटलं, “आजकाल ऑइल वरून मशिनने ओढून काढतात म्हणे.” ते म्हणाले, “ओढू देत की. पण फिल्टर काय न उघडता बदलणार?” वर येऊन त्यांनी फिल्टरच्या झाकणाकडे बोट केलं. तिथली पिवळी रेघही जागच्या जागी होती.

माझ्या समोरच त्यांनी झाकण खोललं. या इंजिनात पत्र्याचा डबा नसतो, प्लास्टिकच्या घरात कागदाचा फिल्टर बसतो. तो बाहेर काढला तेव्हा घड्या एकमेकींना चिकटलेल्या, मधेच दबलेल्या, आणि मेस्त्रींच्या बोटांवर डांबरासारखा थर. वर्षभराचा फिल्टर. म्हणजे जुन्याच ऑइलमध्ये वरून थोडं नवं ओतलं होतं आणि डॅशबोर्डवरचा मेसेज घालवला होता.

हे मला आधी नीट ठाऊक नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. माझ्या गाडीतला हा मेसेज ऑइलचा चांगलेवाईटपणा तपासून येत नाही. गाडी किती चालली, किती दिवस झाले, इंजिन कसं वापरलं गेलं याचा हिशोब गाडी मांडते आणि मुदत भरली की मेसेज देते. तो घालवला की हिशोब शून्यावर येतो. ऑइल बदललंय की नाही हे गाडीला कळायला मार्गच नाही, आपण सांगू ते ती खरं धरते. मी डिपस्टिक बघितली नसती तर पुढचा मेसेज आणखी दहा हजार किलोमीटरनंतर आला असता. तोवर तेच ऑइल आणि तोच चोंदलेला फिल्टर, वीस हजारांपर्यंत. विचार केला की अजून अंगावर काटा येतो.

जुना फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्या गॅरेजमध्ये घेऊन गेलो, बिल आणि नटाचा फोटोही सोबत. “पोराकडून राहून गेलं असेल” असं गॅरेजवाले म्हणाले आणि ऑइल-फिल्टरचे पैसे परत दिले. वाद वाढवला नाही. माझी दोन दिवसांची झोप मात्र कोणी परत दिली नाही.

मग मेस्त्रींकडे सर्व्हिस पहिल्यापासून केली. ऑइल मी स्वतः माहितीच्या दुकानातून आणलं. ५डब्ल्यू-३० हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा एवढंच बघून भागत नाही, पुस्तकात फोर्डचा जो नंबर दिलाय, डब्ल्यूएसएस-एम२सी९१३-डी, तो डब्यावर छापलेला पाहिजे. डब्याचं सील मी गॅरेजमध्येच तोडलं. आधी दहा मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट केलं, कारण कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. नट काढल्यावर धार बारीक झाली, मग थेंब थेंब, आणि तसंच वीस मिनिटं राहू दिलं. मी घाई केली असती तर मेस्त्रींनी ऐकलं नसतं. नटाचा वायसर नवा, फिल्टर नवा, झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नवी. ओ-रिंगला बोटाने नवं ऑइल चोळून मगच ती बसवली, कोरडी बसवली तर पिळवटते म्हणाले. ऑइल एकदम न ओतता शेवटचं थोडं थोडं ओतून मोजलं. मग इंजिन दोन मिनिटं चालवलं, बंद केलं, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा डिपस्टिक. दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जरा खाली.

एअर फिल्टर मात्र त्या गॅरेजने खरंच बदलला होता, तेही सांगायला हवं. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, ब्रेक खोलून साफ केले, टायरची हवा बघितली.

मेसेज घालवायचं काम मेस्त्रींनी मला करायला लावलं. चावी ऑनवर, इंजिन बंद. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर, दोन्ही पूर्ण दाबून धरायचे. पडद्यावर रीसेट चालू असल्याचं येतं, वीसेक सेकंद पाय हलवायचा नाही, झाल्याचं दिसलं की सोडायचं आणि चावी बंद. प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी. मेहुण्याच्या फोक्सवॅगन पोलोत चावी ऑफ असताना मीटरजवळचं ट्रिप शून्य करायचं बटण दाबून धरून चावी ऑन करावी लागते. स्वतःच्या गाडीचं पुस्तक बघा, आणि बटणाला हात लावायच्या आधी नवा फिल्टर बसलेला डोळ्यांनी बघा.

आणखी एक गोष्ट, यात लोकांची गल्लत होते. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तो सर्व्हिसची आठवण नसतो. ऑइलचा दाब गेलाय असा त्याचा अर्थ. तो रीसेट करायचा नसतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं आणि टो करून न्यायची.

निघताना मेस्त्रींनी नटावर आणि झाकणावर नवी रेघ मारली, या वेळी पांढरी. म्हणाले, “फोटो काढून ठेवा, साहेब. पुढच्या वेळी मी असेन-नसेन.” मी दोन्हींचा फोटो काढला. दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी तारीख आणि ७१,९८६ असा आकडा लिहिलेला कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डिपस्टिक बघितली, आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही पुण्याला निघालो.