काळी पाच, पांढरी सहा आणि एसी

क्लॅरिनेट-पियानोच्या कार्यक्रमासाठी पियानो लावायला बोलावलं की मी आधी पियानोचं काही विचारत नाही. एसी किती वाजता सुरू होणार, ते विचारतो. जुलैतल्या त्या रविवारी मॅनेजर म्हणाले, ‘‘पाचला. कार्यक्रम साडेसहालाच आहे ना?’’

दक्षिण मुंबईतलं जुनं, लहानसं सभागृह, सात फुटी ग्रँड पियानो. कार्यक्रमात शूमानच्या तीन फँटसी-रचना (ओपस ७३, १८४९), ब्राम्सचा एफ मायनर सोनाटा (ओपस १२० मधला पहिला, १८९४) आणि मध्यंतरानंतर फ्रेंच संगीतकार पूलांकची रचना. शनिवारी दुपारी एसी लावून घेऊन पियानो ए-४४० ला (मधला ए स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, म्हणजे ४४० हर्ट्झ) नीट लावला होता. रविवारी अकराला पोहोचलो, तर पियानोच्या बाजूच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. फरशी पुसल्यावर फिनेलचा वास जावा म्हणून रात्री कोणी तरी उघडलेल्या, तशाच राहिल्या. बाहेर पावसाची झड. माझ्या मीटरवर २९ अंश आणि ८४ टक्के आर्द्रता.

मधली सप्तकं पाच-सहा सेंट चढली होती, खर्ज जेमतेम एक. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, आणि ए-४४० पाशी एक हर्ट्झ म्हणजे साधारण चार सेंट. साउंडबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या मोठ्या पाटीचं, लाकूड ओल पितं, फुगतं आणि वर उचललं जातं. त्यावरचा ब्रिज तारांना खालून रेटतो, तारा ताणल्या जातात. खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या जाड तारांना त्याचं फारसं काही वाटत नाही, मधल्या तारांना वाटतं. सगळा पियानो सारखा चढला असता तर निभावलं असतं. पण तो तिरका चढतो, आणि खर्ज-मध्य सांध्यापाशी सप्तकं फाटतात.

अशा वेळी हातात तारांच्या पिना फिरवायची लिव्हर असली की हात शिवशिवतात. पण ओल्या, गरम हॉलमध्ये लावलेला पियानो एसी लागला की दोन तासांत वेगळाच होतो. खिडक्या बंद केल्या, झाकण लावलं, वर रजई घातली आणि मॅनेजरांकडे गेलो. ‘‘आत्तापासून एसी? सात तासांचं बिल कोण भरणार साहेब?’’ बाराला तडजोड झाली. बिल खरंच मोठं येतं, त्यांचं काही चुकत नव्हतं.

तोवर पट्ट्या बघून घेतल्या. पावसाळ्यात पट्टी अडकली की सगळे एकच तक्रार करतात, पण आजार दोन असतात. पट्टी दाबून सोडल्यावर पट्टीच हळू वर येत असेल, तर तिच्या खाचेतलं बुशिंगचं कापड फुगलेलं असतं. पट्टी मोकळी आणि तारेवर आपटणारा हॅमर मात्र आळसावलेला असेल, तर दोष हॅमरच्या बारीक सेंटर-पिनभोवतीच्या कापडात. त्या दिवशी चार पट्ट्या पहिल्या प्रकारच्या निघाल्या. की-ईझिंगच्या पकडीने बुशिंग हलकेच दाबायचं, पट्टी परत बसवून बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघायची. हलल्याचं जेमतेम जाणवलं की थांबायचं. जास्त दाबलं तर ऑक्टोबरात हवा कोरडी झाल्यावर तीच पट्टी खुळखुळायला लागते.

दीडला क्लॅरिनेटवादक आले, युरोपातून दौऱ्यावर. दोन क्लॅरिनेटं: बी-फ्लॅटचं म्हणजे आपली काळी पाच, आणि ए म्हणजे पांढरी सहा. शूमानला ए लागतं, ब्राम्स आणि पूलांकला बी-फ्लॅट. पाच मिनिटं वाजवून त्यांनी विचारलं, पियानो ४४२ ला मिळेल का? मागणी रास्त होती. त्यांची दोन्ही वाद्यं ४४२ ची बनावट. ४४० ला यायचं तर बॅरल, म्हणजे माउथपीसखालचं आखूड नळकांडं, बाहेर ओढावं लागतं, आणि इथेच क्लॅरिनेटची खोड आहे. पियानोचा ए बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वाजतो तेव्हा जवळजवळ सगळी भोकं बंद असतात, हवेचा स्तंभ सुमारे ५९ सेंटिमीटर. ‘घशातल्या’, म्हणजे नळीच्या वरच्या आखूड भागातल्या स्वरांना, उदाहरणार्थ सगळी बोटं उचलून वाजणाऱ्या एफला, तो २५ च्या आतबाहेर. बॅरल एक मिलिमीटर ओढलं की ए तीन सेंट उतरतो आणि एफ सात. म्हणजे ए जुळवायला अडीच-तीन मिलिमीटर ओढलं, तर एफ थेट खड्ड्यात.

तंबोरा गायकाच्या पट्टीत लावतात, पियानोचं तसं करता येत नाही. दोन हर्ट्झ चढवायचे म्हणजे सुमारे २३० तारांना आठ-आठ सेंट. तारांचा एकूण ताण १८ ते २० टन, त्यात दीडशे-पावणेदोनशे किलोंची भर. तेवढ्या ओझ्याने साउंडबोर्ड दबतो, आणि शेवटच्या तारेपर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्या उतरलेल्या असतात. सगळा पियानो दोनदा लावावा लागतो, आणि तरी संध्याकाळपर्यंत टिकेल याची हमी देता येत नाही. पण रात्रीच्या ओलीने मधली सप्तकं आधीच थोडी वर होती. त्यांना खाली आणण्यापेक्षा खर्ज आणि टिपेला वर घेणं सोपं. ४४१ वर हात मिळवले. उरलेले चार सेंट क्लॅरिनेटने सोसायचे.

दोन वाजता २४ अंश, ६१ टक्के. रंगमंचावरचे दिवेही लावून घेतले. हे बरेच जण विसरतात. दिव्यांची धग थेट तारांवर पडते, पोलाद प्रसरण पावतं आणि दहा-पंधरा मिनिटांत टिपेच्या बाजूचे स्वर उतरतात. संध्याकाळी जो उजेड असणार, त्यातच लावायचं. सव्वादोन तास लागले. ब्राम्सचा सोनाटा एकट्या पियानोच्या उघड्याबोडक्या सप्तकांनी सुरू होतो, क्लॅरिनेट चार मापं (तालाची चार आवर्तनं म्हणा) थांबून येतं. त्या चार मापांत एका स्वराच्या तीन तारांपैकी एक जरी लहरली तरी लपायला जागा नाही. म्हणून ते स्वर दोन्ही हातांनी जोरात ठोकून पुन्हा तपासले. पिन नुसती फिरली असेल आणि लाकडात बसली नसेल, तर ती अशा ठोकण्यातच घसरते. नंतर घसरण्यापेक्षा तेव्हा घसरलेली बरी.

साडेचारला तालीम. उरलेल्या चार सेंटांची वाटणी अशी झाली: ६५ ऐवजी ६६ मिलिमीटरचं बॅरल, आणि मधला सांधा अर्धा मिलिमीटर ओढलेला. लांब बॅरल घातलं की ओढल्यावर आत पडते ती खाच पडत नाही. मधल्या सांध्याने खालच्या हाताचे स्वर आणि तो लांब नळीचा ए उतरतात, घशातल्यांना धक्का लागत नाही. तरीही हळू स्वर चढेच लागत होते. क्लॅरिनेटचा स्वभावच तो: जोरात फुंकलं की उतरतं, हळू फुंकलं की चढतं. बासरीच्या बरोबर उलट. शूमान आणि ब्राम्समध्ये हळू प्रवेश जागोजागी आहेत.

मग मी मॅनेजरांना एसी २४ चा २२ करायला सांगितला. त्यांना वाटलं मला उकडतंय. हवा एक अंशाने थंड झाली की त्यातला ध्वनीचा वेग कमी होऊन स्वर सुमारे तीन सेंट उतरतो. नळीत ऊबदार श्वास असतो, त्यामुळे प्रत्यक्षात निम्माच फरक पडतो. पियानोच्या तारा मात्र थंडीने आखडतात आणि चढतात. म्हणजे दोन अंशांत क्लॅरिनेट तीनेक सेंट खाली, तारा सेंट-दीड सेंट वर. दोघं उलट दिशेने सरकतात ही एरवीची डोकेदुखी, त्या दिवशी तीच कामाला आली. अर्ध्या तासाने हळू स्वर पियानोच्या अंगावर येऊन बसले.

पण थंडीची किंमत होतीच, ती पुढे दिसली.

त्याआधी एक गुणगुण. क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा स्वर, पियानोवरचा डी, वाजला की पियानोतून झर्रर आवाज. पियानोवादक मॅडमना वाटलं तार. पेडल न दाबता, तारांचा आवाज दाबणारे सगळे डँपर तारांवर बसलेले असताना क्लॅरिनेटला एकट्याने तो स्वर धरायला सांगितला. झर्रर कायम. म्हणजे तार नव्हे. क्लॅरिनेट चालू ठेवून मी एकेका भागावर तळवा टेकवत गेलो: नोटेशनचा स्टँड, आधाराची काठी, बाजूची पट्टी. झाकणाचा पुढचा पाखा दाबला तेव्हा थांबलं. त्याच्या बिजागरीची पिन झिजून सैल झाली होती. पिन काढून पक्कडीने किंचित बाक दिला, परत ठोकून बसवली. दोन मिनिटांचं काम, शोधायला वीस.

संध्याकाळी शूमान उत्तम झाला. तिन्ही तुकडे मध्ये न थांबता एकाला एक जोडून वाजतात, त्यामुळे सगळं मिळून दहा-अकरा मिनिटं. तेवढा वेळ बी-फ्लॅट क्लॅरिनेट स्टँडवर, एसीच्या झोतात. वादक बदल करतात तेव्हा माउथपीस आणि पत्ती (रीड) तीच काढून दुसऱ्यावर लावतात. माउथपीस गरम, खालची नळी गार. ब्राम्सचा पहिला प्रवेश सहा-सात सेंट उतरला. मी विंगेतून ऐकत होतो, श्रोत्यांच्या किती लक्षात आलं सांगता येत नाही. तीन-चार मिनिटांत नळी तापली आणि स्वर वर आला. हा माझा हलगर्जीपणा. २२ अंश मागितले, तर दुसरं वाद्य पेटीत किंवा कापडात गुंडाळून ठेवा, हेही मीच सांगायला हवं होतं.

संथ भागात दुसरी किंमत. आतला श्वास ओला, नळी थंड. पाणी आतल्या भिंतीवरून ओघळून वरच्या एका लहान भोकात जमलं आणि एक लांब स्वर बुडबुडला. भाग संपताच वादकांनी ती चावी उघडून भोकात जोरात फुंकलं, चावीच्या गादीखाली सिगारेटचा कागद सरकवला, चावी दाबली, उघडून कागद काढला. कागद ओढून काढायचा नाही, गादीचं पातळ आवरण फाटतं. पाच-सहा सेकंदांत हे उरकलं.

मध्यंतराचा पाऊण भाग बाहेरच्या चहाच्या रांगेतच गेला असावा, कारण आत मी एकटाच होतो. दिव्याखालच्या टिपेच्या बाजूचे दोन स्वर लहरायला लागले होते, चार तारा सरळ केल्या, बाकी कशालाही हात लावला नाही. पंधरा मिनिटांत जास्त उकरलं तर उघडे धागे ठेवून उठावं लागतं. बी-फ्लॅट क्लॅरिनेट या वेळी मफलरमध्ये होतं. पूलांकचा पहिला स्वर जुळून आला.

साडेआठला हॉल रिकामा झाला. क्लॅरिनेटच्या नळीतून रुमाल ओढून, सांधे पुसून वाद्यं पेटीत गेली. गार नळी घेऊन लगेच बाहेरच्या दमट हवेत जाऊ नका, पेटी थोडा वेळ बंदच ठेवा, एवढं वादकांना सांगितलं. ते हसले, त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. मीटरवर २२ अंश, ५६ टक्के. मी काठी उतरवून झाकण लावत होतो, तेवढ्यात एसीचा आवाज थांबला आणि मागून बादली आणि फिनेलचा वास आला.

‘‘काका,’’ मी रजई अंथरता अंथरता म्हटलं, ‘‘खिडक्या त्या बाजूच्या उघडा. या दोन नको.’’