इंग्रजांचं 'नोज' आणि आपलं नासिक

इंग्लंडमध्ये कुणी गाव विचारलं की मी नाशिक सांगते. मग नावाचा अर्थ विचारला जातोच. पंचवटी, शूर्पणखा, लक्ष्मणाने कापलेलं नाक, सगळं मनापासून सांगते. हल्ली पुढे एक पुरवणीही जोडते: तुमचं 'नोज' आणि आमची 'नासिका' एकाच घराण्यातल्या.

हे ओढूनताणून जुळवलेलं नाही. जुन्या इंग्रजीत नाकाला 'नोसू' म्हणत. जर्मनमध्ये 'नाझं', लॅटिनमध्ये 'नासुस', रशियनमध्ये 'नोस'. संस्कृत 'नासा' या रांगेत आपसूक बसते. विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. पुढे अवयव, नातीगोती, आकडे अशा रोजच्या शब्दांनी ते नातं पक्कं केलं.

मला सगळ्यात आवडतो तो 'नॉस्ट्रिल', म्हणजे नाकपुडी. त्याचं जुनं रूप 'नोसथिर्ल', अर्थात नाकाचं भोक. त्याच 'थिर्ल'पासून भोक पाडणं, आरपार जाणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि तेच आजचं 'थ्रिल'. सिनेमा बघून अंगावर काटा येतो, तो शब्द नाकपुडीचा सख्खा नातलग! पाण्याच्या पाइपचं 'नॉझल'सुद्धा 'नोज'चंच छोटं रूप.

पण शरीरावरून हा शब्द जमिनीवर कसा उतरतो ते पाहायचं तर एसेक्सच्या किनाऱ्यावर जावं. तिथे वॉल्टन-ऑन-द-नेझ नावाचं गाव आहे. समुद्रात घुसलेल्या भूभागाला जुन्या इंग्रजीत 'नेस' म्हणत आणि तो शब्द नाकाच्याच कुळातला मानतात. तिथला कडा खालून पाहिला की वरची तांबूस वाळू आणि खालची करडी चिकणमाती यांची सीमा स्पष्ट दिसते. माती सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची. लाटा ती पोखरतात, कडा ढासळतो आणि शार्क माशांचे अश्मीभूत दात बाहेर पडतात. लहान मुलं वाकून वाकून ते वेचत असतात. वर १७२० साली जहाजांसाठी बांधलेला विटांचा मनोरा आहे. कडा दरवर्षी मागे सरकतोय आणि समुद्र मनोऱ्याकडे येतोय, हे पाहून जीव कळवळतो.

आता आपल्याकडे या. घरात आपण 'नाक' म्हणतो. तो शब्द प्राकृतातल्या 'णक्क'वरून आला. 'नासा'ची वाट वेगळी. म्हणजे इंग्रजी 'नोज'चा नातलग आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. तो वैद्यांच्या 'नस्या'त, म्हणजे नाकात घालायच्या औषधात आहे, 'अनुनासिका'त आहे आणि गावाच्या नावात आहे. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, असंही आपल्याकडे सांगतात. माझं मन मात्र नासिकेकडेच झुकतं, कारण पांडवलेण्यांत 'नासिक' हे नाव कोरलेलं आहे, तेही 'स' घालून. एकोणिसाव्या लेण्यातला लेख सातवाहन राजा कण्हाच्या काळचा, दोन हजार वर्षांहून जुना. नासिकच्या श्रमणांचा, म्हणजे भिक्षूंचा, कारभार पाहणाऱ्या महामात्राने, म्हणजे अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं, असं त्यात म्हटलंय.

इंग्लंडमधला सगळ्यात जुना इंग्रजी मजकूरही इतका जुना नाही. पुढच्या वेळी लेण्यांवर गेलात तर तिसऱ्या लेण्याचं कोरीव काम पाहून लगेच खाली उतरू नका. एकोणिसाव्यापर्यंत चालत जा आणि खिडकीपाशी ती ब्राह्मी अक्षरं शोधा.