दहा मिनिटं वाचा, नंतर कोणी काही विचारणार नाही

परवा एक फॉर्म द्यायला लेकीच्या शाळेत सकाळी साडेआठला गेले होते. इथे जपानमधे हायस्कूलला कोको म्हणतात, तीन वर्षांचं असतं, म्हणजे आपली दहावी, अकरावी, बारावी धरा. कॉरिडॉरमधे एवढी शांतता की मला वाटलं परीक्षाच चालू आहे, आणि जपानी शाळेत बाहेरचे बूट काढून पाहुण्यांच्या स्लिपर घालाव्या लागतात, त्या मेल्या पावलागणिक फटक फटक वाजतात, त्यामुळे मी आपली चोरासारखी पाय घासत चालले होते. एका वर्गाच्या दाराच्या काचेतून बघितलं तर पस्तीस-चाळीस पोरं आपापलं पुस्तक उघडून बसलेली, आणि समोर टेबलाशी सर पण वाचतायत. पेपर तपासत नव्हते, हजेरी भरत नव्हते, पोरांवर लक्षही ठेवत नव्हते. कादंबरी वाचत होते.

पोरांपेक्षा मला त्या सरांचंच जास्त आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं तर ती म्हणे, "आई, आसादोकु आहे ते, रोजच असतं." आसा म्हणजे सकाळ, दोकु म्हणजे वाचन. शब्द मी ती प्राथमिकला असल्यापासून ऐकतेय, नऊ वर्षं झाली आम्हाला इथे, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग बसले शोधत. तर हे प्रकरण सुरूच झालं हायस्कूलमधे, १९८८ साली, तोक्योच्या शेजारच्या चिबा प्रांतात मुलींच्या एका शाळेत. हायाशी हिरोशी नावाचे शिक्षक होते, त्यांनी एका अमेरिकन लेखकाच्या पुस्तकात शाळेतल्या मूक वाचनाबद्दल वाचलं आणि आपल्या शाळेत करून बघायचं ठरवलं. तिथून ते देशभर पसरलं. नियम फक्त चार: सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आवडेल ते वाचायचं आणि नुसतं वाचायचं.

यातल्या पहिल्यात सर पण आले, ते मी बघितलंच. आवडेल ते म्हणजे अगदी काहीही नाही, लेकीच्या शाळेत मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स चालत नाहीत, पण मुखपृष्ठावर मोठ्या डोळ्यांची चित्रं असलेल्या लाइट नॉव्हेल, म्हणजे पोरांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या, बिनदिक्कत चालतात, कोणी नाक मुरडत नाही. पण खरी मेख चौथ्या नियमात आहे. नुसतं वाचायचं. सारांश लिहायचा नाही, वहीत नोंद नाही, मार्क नाहीत, "या पुस्तकातून तुला काय शिकायला मिळालं" हा प्रश्न नाही.

आता आठवा आपलं अवांतर वाचन. आमच्या शाळेत आठवड्यातून एक तास असायचा, बाई कपाटाचं कुलूप काढायच्या, पुस्तकं वाटायच्या आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने उभं राहून गोष्ट आणि तात्पर्य सांगायचं. मी काय करायचे तर सगळ्यात बारीक पुस्तक पकडायचे आणि पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान वाचून मोकळी. तात्पर्य काय, खोटं बोलू नये, हे कुठल्याही पुस्तकाला चालायचं :) बाईंनाही ते माहीत असणार. आता आपल्याकडेही १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन करतात, भाचीच्या शाळेतले फोटो येतात व्हॉट्सॅपवर, सगळे हातात पुस्तक धरून कॅमेऱ्याकडे बघतायत. चांगलंच आहे, पण वर्षातून एक दिवस आणि रोज दहा मिनिटं यात फरक आहे की नाही.

बरं, जपानमधे सगळं छान असं समजून "बघा तिकडची मुलं" म्हणून फॉरवर्ड करू नका, कारण इथेही रडगाणं तेच आहे. महिन्यात एकही पुस्तक न वाचणाऱ्याला इथे फुदोकुश्या असा खास शब्दच आहे आणि शाळांचा दरवर्षी सर्व्हे होतो, त्यात प्राथमिकला अशी मुलं थोडीच असतात पण हायस्कूलला वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपास. लेकीचं वेळापत्रक बघितलं की यात नवल वाटत नाही. शाळा, मग क्लबची प्रॅक्टिस, मग जुकु म्हणजे आपला क्लास, मग ट्रेन, आणि ट्रेनमधे फोन. पुस्तकाचा कंटाळा आहे असं नाही, पुस्तकाला दिवसात जागाच नाही. म्हणून मला ती सकाळची दहा मिनिटं पटतात, ती वेळ शाळेने स्वतःच्या खिशातून दिलेली आहे, पोराच्या झोपेतून किंवा आईच्या कटकटीतून काढलेली नाही.

आणि एकीकडे नुसतं वाचा म्हणणारी हीच मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोकुश्यो कान्सोबुन नावाचं प्रकरण गळ्यात मारतात. पुस्तक वाचून त्यावर निबंध. याची १९५५ पासून देशपातळीवर स्पर्धा आहे. आमच्याकडे सुट्टीच्या शेवटच्या तीन दिवसांत त्यावरून रडारड होते, दर वर्षी, न चुकता. प्राथमिकला तर एकदा मीच "मला वाटलं की" या अर्थाची वाक्यं जपानीत कशी करायची ते तिच्याकडून शिकून तिलाच परत सांगत होते.

त्यापेक्षा बिब्लिओ बॅटल मस्त. नाव मारामारीचं, पण असतं असं की प्रत्येकाने आवडलेलं पुस्तक घेऊन उभं राहायचं, पाच मिनिटं बोलायचं, कागद बघून वाचायचं नाही, मग दोन-तीन मिनिटं बाकीचे प्रश्न विचारणार, आणि शेवटी मतदान. पण मत द्यायचं ते कोण छान बोललं याला नाही, कुठलं पुस्तक वाचावंसं वाटलं याला. २००७ मधे क्योतो विद्यापीठात तानिगुची तादाहिरो यांनी सुरू केलं, आता शाळांतून पण होतं. लेकीच्या वर्गात एक मुलगा, जो वर्षभर कोणाशी बोलला नव्हता, खोल समुद्रातल्या माशांवरचं पुस्तक घेऊन आला आणि तीन मिनिटांतच अडकला, पुढची दोन मिनिटं नुसता पानं उलटून चित्रं दाखवत राहिला, आणि तोच जिंकला. पुढचे दोन महिने लायब्ररीत त्या पुस्तकाला नंबर लागला होता म्हणे.

मला स्वतःला या सगळ्यात एक वेगळीच खुपणारी गोष्ट आहे. मी इथे जवळपास निरक्षर आहे हो. बोलते बरं, पण वाचायचं म्हटलं की संपलं. इथली मुलं प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, शिकतात आणि रोजच्या वापरातल्या म्हणून ठरवलेल्या एकूण २,१३६ आहेत, त्यातल्या मला चारशेच्या आसपास येतात, त्यातल्या निम्म्या फक्त स्टेशनच्या पाटीवर असल्या तर. लहान मुलांच्या पुस्तकांत कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात, त्याच्या आधाराने मी वाचते. मोठ्यांच्या पुस्तकांत तो जवळजवळ गायब. मराठीत एकदा बाराखडी आली की अर्थ कळो न कळो, वाचता तरी येतं, ही केवढी श्रीमंती आहे हे इथे येऊन कळलं.

तर तो सर बघून मीही ठरवलं की रात्री जेवण झालं की दहा मिनिटं घरातल्या सगळ्यांनी वाचायचं. नवरा तिसऱ्या दिवशी झोपला. लेक म्हणाली, "मी सकाळी वाचते, आता तू वाच." तिचं एक पुस्तक टेबलावर पडलेलं होतं, इथे दुकानात पुस्तक घेतलं की कागदी कव्हर घालून देतात त्यामुळे कोण काय वाचतंय ते शेजारच्याला कळत नाही, आणि सोळा वर्षांच्या पोरीला तर ते फारच सोयीचं. तीन आठवडे मी "काय वाचतेस गं" हा प्रश्न गिळला होता. तेच उचललं. पहिलं पान वाचायला मला दहाच्या जागी पंचवीस मिनिटं लागली आणि तरी कळलं एवढंच की कोणीतरी पावसात बसची वाट बघतंय. ती पाणी प्यायला आली, बघितलं, काही बोलली नाही, गेली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक तिथेच होतं. उघडलं तर पुढच्या पानांवर अवघड कांजींच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक उच्चार लिहिलेले. पाचव्या पानापर्यंतच आहेत, पुढे बहुतेक कंटाळा आला असावा.