बाबांच्या वॅगनआरमध्ये हँड्सफ्री

बाबा नागपूरच्या विमानतळावर घ्यायला आले होते. बॅगा डिकीत टाकल्या आणि वर्धा रोडला लागतो न लागतो तोच त्यांचा फोन वाजला. उचलला. मान वाकडी करून खांद्यात दाबला, एक हात गिअरवर, एक स्टिअरिंगवर, "हो, आली न बाप्पा, गाडीतच आहे, थांब तिच्याशी बोल" आणि फोन माझ्या हातात. डोक्यावर आपला डबलडेकर पूल, म्हणजे सगळ्यात वर मेट्रो, मधे गाड्या, खाली आम्ही, आणि शेजारून स्कार्फ बांधलेली एक मुलगी स्कूटीवर, तिच्याही स्कार्फमध्ये फोन खोचलेला, ती कोणाशी तरी हसत बोलत होती.

मी ओरडले. चार वर्षांनी घरी येते आहे आणि पहिल्या पंधरा मिनिटांत बापावर ओरडले. छत्रपती चौक ते घर, बाबा एक शब्द बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल आली इंग्लंडवाली शिकवायला. हे मला आईनंही ऐकवलं, आणि लागलं मला ते, कारण मी नागपूरला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. नियम आपल्याकडेही आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन धरणं हा धोकादायक ड्रायव्हिंगचाच प्रकार धरतात, पहिल्या वेळेला हजार ते पाच हजार दंड, नाहीतर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कागदावर आपला कायदा तिकडच्यापेक्षा कडक वाटतो, कारण तिकडे या एका गोष्टीसाठी थेट जेल नाही. आणि तिकडची माणसं काही जन्मतःच शिस्तीची नव्हती. तिथे बंदी आली १ डिसेंबर २००३ ला, लोकांनी ऐकलं नाही म्हणून १ मार्च २०१७ पासून दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट, म्हणजे चुकांचे गुण, तरी लोक "मी कॉलवर नव्हतो, फोटो काढत होतो" म्हणून सुटायला लागले तेव्हा २५ मार्च २०२२ ला तीही फट बुजवली. आता हातात धरला की संपलं, मग फोटो असो, गाणं बदलणं असो. लाल सिग्नलला उभं असताना सुद्धा.

हे सगळं मला तोंडपाठ का आहे ते खाली सांगते.

माझ्याकडे एक जुना हँड्सफ्री किट होता, म्हणजे फोन हातात न धरता गाडीच्या स्पीकरवरून बोलायचं यंत्र, पॅरट म्हणून फ्रेंच कंपनी आहे तिचा, तीच जी नंतर ड्रोनवाली झाली. छोटा स्क्रीन, फिरवायचं चाक, एक हिरवं बटण, एक लाल. इंग्लंडात मी राहते त्या कोव्हेंट्रीतल्या माझ्या जुन्या गाडीला मी तो बसवून घेतला होता, ती गाडी विकली तेव्हा काढून ठेवला, नवीन गाडीत ब्लूटूथ आधीच होतं. यावेळी बॅगेत टाकून आणला. नवा ब्लूटूथ स्टिरिओ इथेही मिळतो, स्वस्तात मिळतो, पण बाबा चालू वस्तू फेकत नाहीत आणि त्यांचा स्टिरिओ चालू आहे, हा विषय आमच्या घरात तिथेच संपतो.

तर दोन दिवसांनी, अबोला जरा सैल झाल्यावर, मेडिकल चौकाच्या अलीकडे कडुनिंबाखाली एक ऑटो इलेक्ट्रिशियन भाऊ बसतात त्यांच्याकडे बाबा आणि मी गेलो. सकाळचे साडेनऊ आणि ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येईना.

मला वाटलं होतं सॉकेट जोडलं की झालं. कोव्हेंट्रीत तसंच झालं होतं, स्टिरिओच्या मागे ते आयएसओ सॉकेट, म्हणजे ठरलेल्या मापाचं तयार सॉकेट असतं, किटची वायरिंग मधे अडकवायची, म्हणजे कॉल आला की किट स्टिरिओचा आवाज तोडतो आणि समोरच्याचा आवाज गाडीच्याच स्पीकरमध्ये देतो. पण बाबांची वॅगनआर २०११ ची बेस मॉडेल, कंपनीचा स्टिरिओ नव्हताच, बाहेरून बसवलेला. भाऊंनी तो ओढून काढला तर मागे सॉकेट वगैरे काही नाही, सगळ्या वायरी कापून, पिळून, काळी टेप गुंडाळलेल्या, आणि टेपचा डिंक उन्हानं पाघळून सगळीकडे चिकचिक. माझं तोंड उतरलं. भाऊ म्हणाले, "ताई, टेन्शन नका घेऊ, वायर खोटं नाही बोलत."

त्यांनी टेस्ट लॅम्प काढला आणि एकेक वायर बोलती केली. इथे मी पूर्ण लक्ष देऊन पाहत होते. पिवळी वायर म्हणजे बॅटरीची, चावी असो नसो तिच्यात करंट पाहिजे. लाल चावीची, चावी काढली की मेली पाहिजे. काळी अर्थिंग. तर आमच्या गाडीत चावी काढली तरी लालवर दिवा लागलेलाच! आधीच्या कोणीतरी दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला लावल्या होत्या, म्हणून बाबांना चावीशिवाय बातम्या ऐकता यायच्या आणि त्यांना ती सोय वाटायची. किटला हे चालत नाही. गाडी बंद झाली, आता झोपायचं, हे त्याला चावीच्या वायरवरूनच कळतं, तसंच जोडलं असतं तर तो रात्रभर जागा राहून बॅटरी पीत बसला असता. भाऊंनी फ्यूज बॉक्समधून चावीवरची वेगळी लाइन ओढली. मी म्हटलं फ्यूज टाका मधे. म्हणाले, "टाकूनच राहिलो न." सोल्डरिंग केलं, वर स्लीव्ह चढवली, टेप नाही. वायर मात्र दातानं सोलली, ते मला बघवलं नाही आणि मी तसं सांगितलंही.

पण माइकचं काम बघाल तर. माइक बसतो समोरच्या काचेशेजारच्या उजव्या खांबाला वरती, ड्रायव्हरच्या तोंडाजवळ, एसीच्या झरोक्यापासून दूर. इंग्लंडातही गाडी डावीकडूनच चालते, स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे वायर बरोबर मापात आली. मी सोबत आणलेली डबलटेप काढून दिली. भाऊंनी ती बोटानं दाबून बघितली आणि परत दिली. "मे महिन्यात हे नाही टिकत ताई. बंद गाडी उन्हात उभी राहिली का सुटून राहते, मग माइक लटकते अन् साहेब एका हातानं तो धरून बोलते. मग काऊन बसवायचं?" आणि बारीक स्क्रूनं क्लिप बसवून दिली. कोव्हेंट्रीतल्या माणसानं सीटवर प्लास्टिक अंथरलं होतं, पावती दिली, तासाचे ऐंशी पौंड घेतले, काम स्वच्छ केलं, मला त्याच्याबद्दल आदरच आहे. पण त्याला तयार सॉकेट मिळालं होतं. पिळलेल्या वायरींच्या गुंत्यातून वाट काढणं आणि ४५ डिग्रीत काय टिकेल हे बोटानं ओळखणं, हे त्याला जमलं असतं असं मला वाटत नाही. भाऊंनी सहाशे रुपये घेतले. मी हजार दिले तर चारशे परत केले.

काम चालू असताना आम्ही दोघं उसाचा रस घेऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. बाबांनी विचारलं, तुला एवढं कलम-बिलम कसं काय पाठ?

मग सांगितलं. ऑक्टोबर २०२२. ऑफिसला निघाले होते, सिग्नल लाल होता, मी मांडीवरचा फोन उचलून फक्त आईचा मेसेज आला का ते बघितलं. मागे पोलिसांची गाडी होती. तो पोलीस अतिशय सभ्यपणे बोलला, मॅडम म्हणाला, आवाज चढवला नाही, आणि सहा पॉइंट लागले. तिथे टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द. निलंबित नाही, रद्द. मला पास होऊन तेरा महिने झाले होते. परत शिकाऊ लायसन्स, परत लाल एल, परत थिअरीचे पन्नास प्रश्न, परत टेस्टच्या तारखेची वाट. नागपुरात बारा वर्षं गाडी चालवलेली मी. घरी कोणालाच सांगितलं नाही.

आजही मला वाटतं की गाडी उभी होती, कोणाच्या जिवाला धोका नव्हता, त्या दिवशी तरी त्यानं समजून घ्यायला पाहिजे होतं. असं वाटतं आणि दोन मिनिटांनी वर्धा रोडवरचे बाबा आठवतात.

"कोणता दिवस होता?" बाबांनी विचारलं.

"तुमची अँजिओग्राफी होती बाबा."

ते गप्प झाले. रसाचा ग्लास हातात तसाच. मग म्हणाले, "मग ऑफिसला कशी जात होती?"

"बसनं."

"थंडीत?"

"सात महिने."

त्यांनी रस संपवला, उठले, आणि भाऊंना म्हणाले, जरा नीट दाखवून दे बरं कोणतं बटण दाबायचं.

बाबांना एक गोष्ट मात्र मी परत परत सांगून आले. हँड्सफ्री म्हणजे गप्पांचा परवाना नाही. अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरवर प्रयोग करून दाखवलंय की हात मोकळे असले तरी बोलण्यात गुंतलेल्या माणसाचं रस्त्यावरचं लक्ष तितकंच उडतं. ब्रिटनच्या हायवे कोडातही, म्हणजे तिथल्या रहदारीच्या नियमपुस्तकातही, हँड्सफ्रीनं लक्ष विचलित होतं असंच लिहिलंय, आणि गाडीवर ताबा नसेल तर तिथे हँड्सफ्रीवरही केस होते. म्हणून ठरलं, दोन वाक्यं बोलायची आणि ठेवायचा.

आता मी परत कोव्हेंट्रीत. सकाळी निघण्याआधी साडेसातला, घरातून, दाराशी उभी राहून फोन करते, तिकडे तेव्हा बारा वाजलेले असतात आणि बाबा बऱ्याचदा आईला घेऊन बर्डीवरून परतत असतात. आवाज स्वच्छ येतो, इंडिकेटरची टिकटिक सुद्धा ऐकू येते. एसीच्या हवेचा आवाज माइकमध्ये घुसतो म्हणून माझा फोन आला की बाबा ब्लोअर कमी करतात, "बोल बेटा, चालवून राहिलो, घरी जाऊन करतो" म्हणतात, आणि मागून आई, एसी काऊन कमी केला, जीव जाऊन राहिला न माझा.